स्व-असंगतीचा अभ्यास मार्करच्या मदतीनं: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

परागकण निरोगी, बीजांडं निरोगी, फूलही उभयलिंगी; तरी स्वतःचेच पराग कुक्षीवर पडले तर बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचे पराग आले की त्याच झाडाच्या फुलांत बी भरतं. सपुष्प वनस्पतींच्या साधारण ४० टक्के प्रजातींत ही व्यवस्था असावी असा अंदाज आहे. तिला स्व-असंगती म्हणतात. हा वांझपणा नाही. झाड स्वतःचे पराग ओळखतं आणि अडवतं. बहुतेक कुळांत ही ओळख गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून बसलेल्या काही जनुकांवर ठरते, आणि त्या जागेला एस-लोकस म्हणतात.

१९२५ साली ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ यांनी निकोटियानात, म्हणजे तंबाखूच्या प्रजातीगटात, नुसते संकर करून आणि पुढची पिढी तपासून एस-ॲलीलांचा, म्हणजे त्या जागेवरच्या जनुकांच्या वेगवेगळ्या रूपांचा, हिशोब मांडला. डीएनएचा मार्कर, म्हणजे आईबापांकडून काय आलं हे दाखवणारी डीएनएवरची खूण, तेव्हा कुणाकडेच नव्हता. आज तो सहज मिळतो, आणि त्यामुळेच नवा विद्यार्थी फुलाकडे न जाता थेट पीसीआरकडे, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवण्याच्या पद्धतीकडे, वळतो. हा क्रम उलटा आहे. मार्कर फक्त वारसा दाखवतो. पराग अडला की चालला हे फूलच सांगतं. दोघांची साक्ष जुळली तरच निष्कर्ष काढावा, आणि हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

मार्करला या कामात चार प्रश्न विचारता येतात. हातातलं रोप खरोखर आपण दिलेल्या परागांचं आहे का? झाडाकडे कोणते एस-ॲलील आहेत? एस-लोकस नेमका कुठे आहे? आणि मोकळ्या परागणात कुणाचे पराग कुणाला चालले? यातला पहिला प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो, म्हणून त्याला इथे मुद्दाम बरीच जागा दिली आहे.

पायरी १: झाडाची पद्धत ओळखा

पुढच्या पिढीत कोणतं गुणोत्तर यायला हवं, हे पद्धतीवर ठरतं. ती माहीत नसताना आकडे गोळा केले तर त्यांचा अर्थ लावता येत नाही.

गॅमेटोफायटिक पद्धतीत परागकणाची ओळख त्याच्या आतल्या एकाच एस-ॲलीलवरून होते. झाड एस१एस२ असेल तर त्याचे अर्धे पराग एस१ आणि अर्धे एस२. ज्या स्त्रीकेसरात तोच ॲलील असेल तिथे तो परागकण अडतो. बटाटा, टोमॅटो, तंबाखू यांचं कुळ आणि सफरचंद, नाशपाती, चेरी, बदाम यांचं कुळ या पद्धतीत येतं. दोन्हीकडे कुक्षीवृंतात एस-आरएनेझ नावाचं विकर असतं. ते परागनलिकेत शिरतं आणि नलिका ‘आपली’ असेल तर तिच्यातला आरएनए तोडत जातं. हे प्रथिन आरएनेझ आहे हे १९८९ मध्ये दिसलं, आणि झाडात जनुक घालून किंवा त्याचं काम दाबून त्याची भूमिका १९९४ मध्ये पेटुनिया आणि निकोटियानात सिद्ध झाली. परागाच्या बाजूची जनुकं एफ-बॉक्स प्रकारची आहेत. पेटुनियात त्यांचा पुरावा २००४ मध्ये मिळाला. सोलॅनेसी, म्हणजे बटाट्याच्या कुळात त्यांना एसएलएफ म्हणतात, प्रुनसमध्ये, म्हणजे चेरी-बदामाच्या गटात, एसएफबी. अफूच्या कुळातली पद्धतही गॅमेटोफायटिकच, पण तिची यंत्रणा अगदी वेगळी: कुक्षीवरचं प्रथिन परागात कॅल्शियमची लाट उठवतं आणि परागपेशी स्वतःला संपवते.

स्पोरोफायटिक पद्धतीत परागकणाची ओळख तो ज्या झाडावर तयार झाला त्या झाडाच्या दोन्ही ॲलीलांवरून ठरते. मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळात ही पद्धत आहे. परागाच्या आवरणावर एससीआर हे छोटं प्रथिन असतं, कुक्षीच्या पेशींवर एसआरके हा ग्राहक, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन असतं, आणि एकाच एस-हॅप्लोटाइपची, म्हणजे एस-लोकसवर एकत्र वारशानं येणाऱ्या जनुकांच्या एकाच संचाची, ही जोडी एकमेकांना भेटली की परागाला पाणीच मिळत नाही. इथे ॲलीलांमध्ये प्रभावी आणि अप्रभावी अशी उतरंड असते. परागात आणि कुक्षीत ती एकसारखीच असेल असं नाही, आणि नवख्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

याशिवाय गवतांमध्ये एस आणि झेड अशी दोन लोकस मिळून निर्णय करतात. प्रिम्युलात लांब आणि आखूड कुक्षीवृंताची फुलं वेगवेगळ्या झाडांवर असतात. कोकोसारख्या काही झाडांत परागनलिका थेट बीजांडापर्यंत पोचते आणि नकार तिथे मिळतो. अशा झाडाच्या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘सगळं सुरळीत आहे’ म्हणाल तर फसाल.

पायरी २: आधी संकर, मग डीएनए

प्रत्येक झाडावर किमान चार प्रकारची फुलं ठेवा: हातानं स्वतःचे पराग दिलेली, हातानं दुसऱ्या झाडाचे पराग दिलेली, पुंकेसर काढून पिशवीत बंद केलेली पण पराग न दिलेली, आणि मोकळी सोडलेली. तिसरा प्रकार लोक वेळ वाचवण्यासाठी गाळतात. तो गाळू नका. त्यात बी धरलं तर दोनच शक्यता असतात, पिशवीतून बाहेरचे पराग आले किंवा झाड परागाशिवायच बी धरतं. दोन्ही शक्यता बाकीच्या सगळ्या आकड्यांना लागू होतात.

पुंकेसर कळी उमलण्याआधी, परागकोश फुटण्याआधी काढायचे. चिमटा प्रत्येक संकरानंतर अल्कोहोलमध्ये बुडवून कोरडा करायचा. वापरलेले पराग जिवंत होते का हे त्याच दिवशी साखरेच्या द्रावणात रुजवून किंवा रंग देऊन पाहायचं. नाहीतर मेलेल्या परागांना तुम्ही नाकारलेले पराग समजाल.

फुलाच्या वयाची नोंद हवीच. पुष्कळ प्रजातींत कळीच्या अवस्थेत नकाराची यंत्रणा अजून तयार झालेली नसते आणि म्हाताऱ्या फुलात ती ढिली पडते. कोबीवर्गात कळी उघडून तिला त्याच झाडाचे पराग लावतात आणि स्वफलित बी मिळवतात, ते याच कारणानं. त्याच वर्गात परागणानंतर फुलांभोवतीच्या हवेत ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवूनही नकार मोडता येतो. उष्णतेनंही तो काही झाडांत सैल होतो, म्हणून परागणाच्या दिवसाचं तापमान वहीत असू द्या.

स्वपरागणातलं सरासरी बी भागिले परपरागणातलं सरासरी बी, हा निर्देशांक काढा. तो ०.२ च्या खाली असेल तर झाड बहुतांशी स्व-असंगत धरतात. पण हा एकटा आकडा कारण सांगत नाही. स्वफलित गर्भ अंतःप्रजननामुळे लवकर मेले तरी बी कमीच दिसेल. म्हणून काही स्त्रीकेसरं परागनलिका पाहण्यासाठी राखून ठेवा: अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात स्थिर करा, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करा, पाण्यानं धुवा, ०.१ टक्के ॲनिलीन ब्लूमध्ये ठेवा, हलकेच दाबून अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. नलिकांच्या भिंतीतला आणि बुचांतला कॅलोज, म्हणजे एक कर्बोदक, चमकतो. एस-आरएनेझ पद्धतीत नलिका कुक्षीवृंतात अडकलेल्या दिसतात, मोहरी कुळात नकार कुक्षीच्या पृष्ठभागावरच होतो. फळझाडांत परागणानंतर ४८ ते ७२ तासांनी स्त्रीकेसर तोडणं सोयीचं पडतं.

पायरी ३: पानं, डीएनए आणि मार्करची निवड

कोवळी पानं घ्या, सिलिका जेलमध्ये वाळवा, आईबापांची आणि सगळ्या रोपांची पानं एकाच पद्धतीनं हाताळा. डीएनए काढायची सीटॅब पद्धत बहुतेक वनस्पतींना चालते. फेनॉल जास्त असलेल्या पानांत पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घाला, नाहीतर डीएनए तपकिरी पडतो आणि पीसीआर अडतो. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास असलं की पुरे.

मार्कर दोन वेगळ्या कामांसाठी लागतात आणि ती कामं मिसळू नयेत. वंश तपासण्यासाठी जीनोमभर विखुरलेले, एस-लोकसशी संबंध नसलेले मार्कर हवेत. यासाठी मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे एसएसआर (डीएनएतल्या छोट्या तुकड्याच्या पुनरावृत्तीच्या जागा), अजूनही उत्तम आहेत: एका जागेवर अनेक ॲलील मिळतात आणि आई-बाप दोघांचेही दिसतात. रोपं शेकड्यांनी असतील आणि जीनोम माहीत असेल तर एसएनपी, म्हणजे एका बेसचे (डीएनएच्या एका अक्षराचे) फरक, स्वस्त पडतात, पण एका एसएनपीला सहसा दोनच ॲलील असतात, त्यामुळे त्यांची संख्या बरीच जास्त लागते. दुसरं काम एस-ॲलील ओळखण्याचं, आणि त्यासाठी एस-लोकसमधल्याच जनुकांवर बेतलेले प्रायमर, म्हणजे पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे, लागतात. जिथे जिथे विषमयुग्मजी (एका जागी दोन वेगळे ॲलील असलेलं) ओळखणं गरजेचं आहे तिथे फक्त जेलवर ‘पट्टा आहे किंवा नाही’ एवढंच सांगणारे मार्कर टाळावेत, असं माझं मत आहे. या अभ्यासात ती गरज जवळजवळ सगळीकडे पडते.

पायरी ४: बियांचा बाप तपासा

स्व-असंगत समजलेल्या झाडाला स्वतःचे पराग दिले आणि १०० फुलांतून ६ बिया मिळाल्या. त्या कुठून आल्या? उत्तरं तीन असू शकतात. नकाराची यंत्रणा थोडी गळकी आहे आणि बिया खऱ्या स्वफलित आहेत. किंवा बाहेरचे पराग आले. किंवा निषेचनाशिवायच, म्हणजे अपोमिक्सिसनं, बिया झाल्या. बी नुसतं मोजून या तिन्हींत फरक करता येत नाही. अभ्यासाचा निष्कर्ष मात्र तिन्हींत पूर्ण वेगळा निघतो.

आईच्या झाडात विषमयुग्मजी असलेले ८ ते १० एसएसआर निवडा. हे निवडणं महत्त्वाचं आहे. आई ज्या जागी समयुग्मजी आहे, म्हणजे तिचे दोन्ही ॲलील सारखे आहेत, ती जागा परकी जनुकं पकडू शकते, पण स्वफलन आणि अपोमिक्सिस यांत फरक करू शकत नाही. आता प्रत्येक रोपाचं जनुकरूप आईशेजारी ठेवून वाचा.

रोपात आईकडे नसलेला एकही ॲलील दिसला तर बाहेरचे पराग आल्याचा संशय घ्या. असे दोन-तीन जागी दिसले तर शंका उरत नाही. एकाच जागी, तोही एका पुनरावृत्तीच्या फरकानं दिसला, तर आधी तो नमुना पुन्हा चालवा. एसएसआरमध्ये उत्परिवर्तन होतं आणि पट्टा चुकीचा वाचलाही जातो. सगळे ॲलील आईचेच असतील आणि काही जागा समयुग्मजी झाल्या असतील, तर रोप स्वफलित. अनेक रोपं मिळून प्रत्येक जागेवर १:२:१ च्या जवळ यायला हवं. सगळी रोपं सगळ्या जागांवर हुबेहूब आईसारखी असतील तर अपोमिक्सिसचा विचार करा. ८ स्वतंत्र विषमयुग्मजी जागा असताना एखादं स्वफलित रोप योगायोगानं आईसारखंच निघण्याची शक्यता २५६ मध्ये १ असते. अशी ६ च्या ६ रोपं निघाली तर योगायोगाचं नाव घ्यायला नको.

उलट बाजूही तपासा. आईचा निदान एक ॲलील प्रत्येक जागी रोपात असायलाच हवा. नसेल तर नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, किंवा त्या जागी न दिसणारा, म्हणजे प्रायमर न बसल्यामुळे लपलेला ॲलील आहे. एकाच रोपात अनेक जागी असं दिसलं तर अदलाबदल. एकाच जागी अनेक रोपांत दिसलं तर लपलेला ॲलील.

परसंकराच्या बियांनाही हीच चाचणी लावा. आपण दिलेल्या बापाचा ॲलील रोपात दिसला पाहिजे. पुंकेसर काढताना एखादा परागकोश फुटला असेल तर संकराच्या नावाखाली स्वफलित रोपं आलेली असतात, आणि ती पुढे गुणोत्तरं बिघडवतात. संकरांची मोजणी या गाळणीतून गेल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये.

पायरी ५: एस-ॲलील वाचणं

गुलाब कुळात, म्हणजे सफरचंद-चेरीच्या कुळात, हे काम सर्वात पुढे गेलं आहे, म्हणून सुरुवात तिथून समजून घ्या. प्रुनसच्या एस-आरएनेझ जनुकात दोन इंट्रॉन (प्रथिनात न उतरणारे मधले तुकडे) असतात, सफरचंद आणि नाशपातीत एक. जनुकाचे काही भाग सर्व ॲलीलांत सारखे असतात, तिथे प्रायमर बसतात; मधल्या इंट्रॉनची लांबी ॲलीलागणिक बदलते. त्यामुळे एकाच पीसीआरनंतर ॲगारोज जेलवर दोन वेगळ्या उंचीचे पट्टे दिसतात, आणि ते माहितीतल्या वाणांशेजारी लावले की ॲलीलांची नावं ठरतात. ‘गोल्डन डेलिशस’ सफरचंद एस२एस३, ‘फुजी’ एस१एस९, असे संदर्भवाण प्रत्येक जेलवर सोबत चालवा. नुसती पट्ट्याची लांबी पाहून नाव देऊ नका. दोन वेगळ्या ॲलीलांचे तुकडे जवळजवळ सारख्या लांबीचे असू शकतात. पहिल्यांदा दिसलेला प्रत्येक पट्टा सिक्वेन्स करून घ्या.

आता सगळ्यात मोठा सापळा. प्रुनसच्या दुसऱ्या इंट्रॉनची लांबी काहीशे बेसपासून दोन हजारांच्याही पुढे जाते. पीसीआरमध्ये छोटा तुकडा भराभर वाढतो आणि लांब तुकडा मागे पडतो, कधी दिसतच नाही. जेलवर एकच पट्टा येतो आणि विद्यार्थी लिहितो ‘समयुग्मजी’. गॅमेटोफायटिक पद्धतीत, यंत्रणा शाबूत असलेल्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) झाडात समयुग्मजी एस-जनुकरूप नैसर्गिक परागणातून तयारच होत नाही, कारण आईकडे असलेला ॲलील घेऊन येणारा पराग आत जाऊच शकत नाही. म्हणून एकच पट्टा म्हणजे ‘दुसरा ॲलील सापडायचा आहे’. पीसीआरमध्ये वाढीचा वेळ लांबवा, लांब तुकड्यांचं पॉलिमरेज वापरा, दुसरी प्रायमरजोडी घ्या, एसएफबीचा मार्कर जोडीला लावा. एवढं करूनही एकच ॲलील राहिला, तर ते झाड स्व-संगत झालेलं असू शकतं आणि त्याचं स्वपरागण करून पाहणं भाग आहे.

मोहरी कुळात हा नियम लागू नाही. आई एस१एस२, कुक्षीत एस२ प्रभावी. बाप एस१एस३, परागात एस३ प्रभावी. बापाचे सगळेच पराग एस३ म्हणून ओळखले जातात, त्यांतले एस१ धारकही आत जातात, आणि चौथा हिस्सा संतती एस१एस१ निघते. अप्रभावी ॲलील तिथे समयुग्मजी मिळणं नेहमीचं आहे. ब्रॅसिकाचे, म्हणजे मोहरी-कोबीच्या गटाचे, एस-हॅप्लोटाइप दोन वर्गांत मोडतात, दुसऱ्या वर्गातले परागात पहिल्या वर्गापुढे अप्रभावी असतात, आणि दोन्ही वर्गांसाठी प्रायमर वेगळे लागतात. एकाच वर्गाचे प्रायमर लावले तर अर्धं चित्र हरवतं. पीसीआरनंतर निर्बंधक विकरानं तुकडे कापून ॲलील वेगळे ओळखण्याची पद्धत इथे चांगली चालते.

पायरी ६: गुणोत्तरातून लोकस शोधणं

ही पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते, कारण इथे फुलाचा नकार थेट मार्करच्या आकड्यांत उमटतो.

गॅमेटोफायटिक झाडं घ्या. आई एस१एस२, बाप एस३एस४ असेल तर सगळे पराग चालतात आणि चार प्रकारची संतती १:१:१:१ येते. आई एस१एस२ आणि बाप एस१एस३ असेल तर एस१ पराग अडतात, फक्त एस३ आत जातात; हा अर्धसंगत संकर. बी भरपूर धरतं, त्यामुळे नुसत्या बियांवरून हा संकर आणि आधीचा संकर वेगळे ओळखू येत नाहीत. मार्कर मात्र लगेच सांगतो: संतती फक्त एस१एस३ आणि एस२एस३, १:१.

आता एस-लोकस कुठे आहे हे माहीत नाही असं समजा. बापात विषमयुग्मजी असलेला एक मार्कर घ्या. त्याचा ‘अ’ ॲलील एस१ सोबत एकाच गुणसूत्रावर, ‘ब’ ॲलील एस३ सोबत. आईकडे अ आणि ब दोन्ही नसावेत, म्हणजे बापाचं काय आलं हे स्वच्छ दिसेल. मार्कर दुसऱ्याच गुणसूत्रावर असता तर संततीत अ आणि ब निम्मे-निम्मे आले असते. तो एस-लोकसच्या जवळ असेल तर बहुतेक सगळी रोपं ब घेऊन येतील, आणि अ फक्त तिथे दिसेल जिथे मार्कर आणि एस-लोकस यांच्यामध्ये अदलाबदल, म्हणजे पुनर्संयोजन झालं. १२० रोपांपैकी ६ मध्ये अ आला तर पुनर्संयोजन ५ टक्के, म्हणजे अंतर अंदाजे ५ सेंटिमॉर्गन. एकाही रोपाला वेगळं परागण न करता लोकसचं अंतर हाती आलं.

पण विषम गुणोत्तर इतर कारणांनीही येतं. जवळ एखादं घातक जनुक असलं तरी एक ॲलील कमी दिसेल. म्हणून तोच बाप पूर्ण संगत असलेल्या दुसऱ्या आईवरही वापरा. तिथे अ आणि ब १:१ आले आणि फक्त अर्धसंगत संकरात बिघडले, तर कारण एस-लोकस. दोन्हीकडे बिघडले तर शोध दुसरीकडे करा. १:१ तपासायला काय-वर्ग चाचणी पुरते: ४८ रोपांत २९ आणि १९ आले तर किंमत २.०८ येते, ३.८४ या मर्यादेच्या खाली, म्हणजे बिघाड म्हणता येत नाही. चार वर्गांसाठी तीच मर्यादा ७.८१.

रोपं किती हवीत? ‘अमुक वर्ग आलाच नाही’ असं म्हणायचं असेल तर आधी हिशोब करा. चौथा हिस्सा अपेक्षित असलेला वर्ग ११ रोपांत निव्वळ योगायोगानं गायब राहण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या वर असते. १६ रोपांत ती १ टक्क्यावर येते. दहा-बारा रोपांवर मोठी विधानं करू नयेत ती यासाठी.

मोहरी कुळात अर्धसंगत संकर नसतो. संकर सगळा चालतो किंवा सगळा अडतो. तिथे प्रत्येक रोपाला ओळखीच्या एस-ॲलीलांच्या चाचणीझाडांशी संकरित करून त्याची संगती नोंदवावी लागते आणि ती मार्करशी ताडून पाहावी लागते. काम जास्त आहे, पण दुसरा सोपा मार्ग नाही.

पायरी ७: स्व-संगत झालेल्या झाडाचं कारण

एखादं वाण अचानक स्वतःच्या परागांनी फळतं. चेरीचं ‘स्टेला’ हे प्रसिद्ध उदाहरण. क्ष-किरणांच्या प्रयोगातून आलेला त्याचा बदललेला एस४ ॲलील एसएफबी जनुकात ४ बेस गमावून बसला आहे, म्हणजे बिघाड परागाच्या बाजूला आहे. जपानी नाशपातीत ‘निजिस्सेकी’ एस२एस४ स्व-असंगत आहे, पण त्याचंच नैसर्गिक उत्परिवर्तन ‘ओसा-निजिस्सेकी’ स्व-संगत आहे, कारण त्यात एस४-आरएनेझच गळून गेलं आहे: बिघाड स्त्रीकेसरात.

या दोन्हींचं स्वपरागण करून मार्कर लावले तर उत्तर एकच येतं. दोन्हीकडे फक्त बदललेला ॲलील असलेला पराग आत जातो, संतती निम्मी विषमयुग्मजी आणि निम्मी बदललेल्या ॲलीलची समयुग्मजी. म्हणून स्वपरागणाच्या आकड्यांवरून बाजू ठरवू नका. त्याच एस-जनुकरूपाच्या साध्या, स्व-असंगत झाडाशी दोन्ही दिशांनी संकर करा. साध्या झाडावर बदललेल्या झाडाचे पराग चालले आणि उलट दिशेनं अडले, तर बिघाड परागाकडे. साध्या झाडावर अडले आणि उलट दिशेनं चालले, तर स्त्रीकेसराकडे.

तिसरी शक्यता एस-लोकसच्या बाहेरची. द्विगुणित बटाट्यात एस-लोकस गुणसूत्र १ वर आहे, पण सोलॅनम चाकोएन्स या रानटी बटाट्यातून आलेलं स्लाय हे जनुक गुणसूत्र १२ वर आहे आणि ते ज्या परागात असतं त्या परागाला स्वतःच्याच झाडावर वाट मिळते. २०२१ मध्ये ते वेगळं करण्यात आलं. अशा विषमयुग्मजी झाडाच्या स्वफलित संततीत एस-लोकसवर १:२:१ मिळतं, समयुग्मजी सकट, आणि बिघडलेलं गुणोत्तर गुणसूत्र १२ वर दिसतं, कारण स्लाय नसलेले पराग पोचलेलेच नसतात. जीनोमभर मार्कर लावून ‘कुठला समयुग्मजी वर्ग गायब आहे’ एवढंच शोधलं तरी जनुकाचं गुणसूत्र कळतं.

पायरी ८: प्रजाती नवी असेल तर

प्रायमर उपलब्ध नसतील तर जवळच्या प्रजातीचे लावून पाहा, पण फार आशा ठेवू नका. एस-ॲलील प्रजातींपेक्षाही जुने असतात. तुमच्या झाडातला एखादा ॲलील त्याच झाडातल्या दुसऱ्या ॲलीलपेक्षा वेगळ्या प्रजातीतल्या ॲलीलशी अधिक मिळताजुळता निघू शकतो. त्यापेक्षा कुक्षी आणि कुक्षीवृंत वेगळे काढून त्यांचा आरएनए वाचून घेणं भरवशाचं. एस-आरएनेझ तिथे विपुल असतं आणि पानात जवळजवळ नसतं, त्यामुळे तुलना स्पष्ट होते. मिळालेला उमेदवार संकराच्या निकालांशी पूर्ण जुळतो का हे पायरी ६ प्रमाणे तपासा.

जीनोम वाचन करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. संदर्भ जीनोममध्ये एखादाच एस-हॅप्लोटाइप असतो. तुमच्या झाडाचे ॲलील इतके वेगळे असतात की त्यांची छोटी वाचनं संदर्भावर बसतच नाहीत, आणि एस-लोकसच्या जागी रिकामं भगदाड किंवा खोटा समयुग्मजी दिसतो. तिथे लांब वाचनं घेऊन दोन्ही हॅप्लोटाइप वेगवेगळे जोडावे लागतात.

पायरी ९: रानातल्या समूहाकडे

समूहात दुर्मीळ एस-ॲलीलला फायदा असतो, कारण त्याला अडवणारी झाडं कमी असतात. त्यामुळे सगळे ॲलील समान प्रमाणाकडे सरकतात. समूहात समान प्रमाणात ‘न’ ॲलील असतील तर एखाद्या झाडावर यादृच्छिकपणे आलेल्या परागांपैकी २/न अडतात: २० ॲलील असतील तर १० टक्के, ५ असतील तर ४० टक्के. गॅमेटोफायटिक पद्धत टिकायला किमान ३ ॲलील लागतात. समूह आक्रसला की ॲलील गळतात, आणि झाडं निरोगी असूनही जोडीदार मिळेनासे होतात. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये लेकसाइड डेझी या रानफुलाचा शेवटचा उरलेला समूह वर्षानुवर्षं फुलत होता, पण बी धरत नव्हता. सगळी झाडं एकाच संगती-गटातली, म्हणजे एकमेकांचे पराग न चालणारी, निघाली. बाहेरून दुसऱ्या गटाची झाडं आणल्याशिवाय तिथे बी धरणं शक्य नव्हतं.

असा समूह हाताळताना प्रत्येक झाडाचं पान घ्या, जागा नोंदवा, आणि झाडं खरोखर वेगळी आहेत का हे एसएसआरनं आधी पाहा. मुळांतून पसरणाऱ्या वनस्पतीत ५० खोडं म्हणजे एकच झाड असू शकतं. मग प्रत्येक आईवरून निदान १५ ते २० बिया रुजवा, त्यांचे बाप एसएसआरनं शोधा, आणि सापडलेल्या जोड्या एस-जनुकरूपाशी ताडून पाहा. संगत असूनही ज्या जोड्यांतून एकही बी आलं नाही त्यांची वेगळी यादी करा. त्या झाडांमधलं अंतर, फुलण्याच्या तारखा आणि परागवाहक कीटकांची ये-जा आधी पाहा. एस-लोकसकडे बोट त्यानंतर दाखवता येईल. आणि असंगत ठरलेल्या जोडीतून बी आलं असेल, तर त्या रोपाचं पान पुन्हा घेऊन डीएनए नव्यानं काढा आणि पायरी ४ परत करा.